१८ तास एक दिवस, २ तास रोज

भीमजयंती आली की आपल्या जळगाव-धुळ्यातही सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रम होतो. बाबासाहेबांना अभिवादन करण्याची ही रीत आम्हांला फार आवडते. पण क्वांटम मेकॅनिक्ससारखा विषय एका दिवसात हाती येत नाही.

हे अणू आणि इलेक्ट्रॉनचे शास्त्र. १९०० साली प्लांक यांनी त्याचा पाया घातला. १९२५-२६ साली हायझेनबर्ग व श्रोडिंगर यांनी त्याचे गणित उभे केले. मोबाईलमधील चिप याच ज्ञानावर बनते.

मग अभ्यास किती लागेल? बारावी विज्ञान झालेल्या मुलामुलींनी रोज २ तास द्यावेत. वर्षाचे ७०० वर तास होतात. आमच्या हिशेबाने पहिले वर्ष कलन, संमिश्र संख्या, मॅट्रिक्स व संभाव्यतेचे, दुसरे गतिशास्त्र व लहरींचे, तिसरे क्वांटमचे. नुसते वाचू नये. पुस्तक मिटून गणित सोडवावे. प्रा. व्ही. बालकृष्णन यांनी आयआयटी मद्रासमध्ये दिलेली इंग्रजी व्याख्याने इंटरनेटवर मोफत आहेत. अडलेले विचारायला जळगावच्या विद्यापीठात भौतिकशास्त्राचे शिक्षक आहेत.

'हे आपल्या पोरांचे काम नव्हे' म्हणणारे भेटतील. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले नाही; पुढे ती भाषा त्यांनी स्वतःच्या अभ्यासाने मिळवली.

आईवडिलांनी एवढेच करावे: ते २ तास टीव्ही बंद ठेवावा, पाहुण्यांना ओट्यावर बसवावे, आणि अभ्यासाला बसलेल्या मुलीला भाकरी टाकायला उठवू नये.

जयभीम!