ला पात्रोना

कृष्णा व्हॅली हा आपल्या सांगली-मिरज भागातला गोवंश. काळ्या, चिकट रानात ओढकाम करता यावं म्हणून तिकडच्या संस्थानिकांनी तो जोपासला. आज त्याची शुद्ध जनावरं फार थोडी उरली आहेत. संपादकांनी त्याच्यावर लिहायला सांगितलं आणि माग काढता काढता मी दक्षिण टेक्सासात जाऊन पोचलो. गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णा व्हॅली या आपल्या जनावरांपासून अमेरिकेत 'ब्राह्मन' जात तयार झाली. तीन अष्टमांश ब्राह्मन आणि पाच अष्टमांश शॉर्टहॉर्न मिळून झाली 'सांता गर्ट्रूडिस'. 1940 मध्ये तिला तिथल्या कृषी खात्याची मान्यता मिळाली. ती जिथे घडली त्या किंग रँचचा इतिहास वाचताना हेन्रिएटा किंग ही बाई भेटली आणि बैल बाजूला राहिले.

हेन्रिएटाचा जन्म 1832 चा, मिझुरीतल्या बूनव्हिलचा. वडील प्रेस्बिटेरियन मिशनरी. टेक्सासच्या सीमेवर ब्राउन्सव्हिलला ते आले तेव्हा घर मिळेना, म्हणून कुटुंब नदीतल्या एका होडीवर राहिलं. तिथेच रिचर्ड किंग या आगबोटीच्या कप्तानाशी तिची ओळख झाली. 1854 च्या डिसेंबरात लग्न झालं आणि धर्मोपदेशकाची ही मुलगी ओसाड गवताळ रानातल्या कुडाच्या खोपटात नांदायला गेली. खोपट एवढंसं, की मोठी ताटं बाहेरच्या भिंतीला टांगावी लागत. ते दिवस आपल्या सुखाचे होते, असं ती म्हातारपणी सांगायची.

किंगने पहिली जमीन 1853 मध्ये घेतली. 15,500 एकर, तीनशे डॉलरना, एका मेक्सिकन घराण्याच्या वारसांकडून. हा भाव वाचून मी अडखळलो. मेक्सिकोची सीमा सरकून हा भाग अमेरिकेत गेल्यावर मूळ मालकांचे वारस कोणत्या अवस्थेत जमिनी विकत होते, हे विसरून या रँचचं कौतुक करता येणार नाही. पुढच्याच वर्षी मेक्सिकोतल्या क्रुइयास गावात दुष्काळ पडलेला असताना किंगने तिथली गुरं विकत घेतली आणि गावच्या माणसांनाही सोबत यायला सांगितलं. शंभरेक माणसं बिऱ्हाडासकट आली. त्यांना 'किनेन्यो', म्हणजे किंगची माणसं, म्हणू लागले. घोड्यावरचं सगळं कसब त्यांच्या हातात होतं. 1863 मध्ये यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेने घरावर छापा घातला तेव्हा हेन्रिएटा गरोदर होती. दारात गोळी लागून मेला तो फ्रान्सिस्को अल्वारादो, त्यांच्यातलाच एक.

1883 मध्ये धाकटा मुलगा एकोणिसाव्या वर्षी न्यूमोनियाने गेला. दोन वर्षांनी नवरा गेला. मागे पाच लाखांहून जास्त एकर जमीन आणि पाच लाख डॉलरचं कर्ज. एकही एकर हातचा जाऊ देऊ नका, असं तो बजावून गेला होता. जमीन विकून मोकळं होणं सोपं होतं. पण तिने रॉबर्ट क्लेबर्ग या वकिलाला कारभारी नेमलं. हा वकील एकदा कोर्टात तिच्या नवऱ्याच्या विरुद्ध उभा राहून जिंकला होता, म्हणूनच किंगने त्याला आपल्या कामाला घेतलं होतं. 1886 मध्ये तो तिचा जावईही झाला. कारभार त्याचा, पण मालकी आणि शेवटचा शब्द तिचा. रानातली माणसं तिला 'ला पात्रोना', मालकीणबाई, म्हणत. नवऱ्याने दिलेल्या कुड्यांतले हिरे फार मिरवल्यासारखे वाटतात म्हणून तिने त्यांवर काळा मुलामा चढवून घेतला होता. नवरा गेल्यावर चाळीस वर्षं तिने काळ्याखेरीज दुसरा कपडा अंगाला लावला नाही.

मी सगळ्यात जास्त रेंगाळलो ते विहिरीपाशी. 1890 च्या दशकात पाऊस दगा देत राहिला. गवत गेलं, गुरं पाण्यावाचून पडू लागली. हे चित्र आटपाडी-जतच्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. क्लेबर्गने खोदणं सोडलं नाही. जड यंत्र आणवून तो खोल जात राहिला आणि 1899 मध्ये पाचशे फुटांखाली पाणी लागलं. ते पंपाने खेचावं लागलं नाही, आतल्या दाबाने आपोआप जमिनीवर उसळलं. मागून तशा आणखी विहिरी झाल्या. पाणी आलं म्हणून शेती आली, आणि शेतीसाठी रेल्वे हवी झाली. हेन्रिएटाने जमीन दिली. 1904 मध्ये गाडी आली आणि 4 जुलैला किंग्जव्हिल गाव वसलं. चर्च आणि शाळा तिने उभ्या केल्या, आणि गावात दारू विकायची नाही ही अट प्लॉटच्या खरेदीखतातच घातली.

31 मार्च 1925 ला, ब्याण्णव वर्षांची होऊन, ती गेली. तेव्हा रँच 11,73,000 एकर होती. आख्खा गोवा मावून उरेल एवढी. सुमारे दोनशे किनेन्यो घोड्यांवरून आले. एकामागून एक त्यांनी टोपी काढून उघड्या कबरीला वळसा घातला आणि कामाला परतले.

आणि मग वाटण्या. मृत्युपत्रात तिने दहा वर्षं मालमत्ता विश्वस्तांकडे राहील अशी तजवीज केली होती, पण ती दहा वर्षं मंदीची निघाली. वारसा कर, कर्ज, पडलेले गुरांचे भाव, आणि आपापला हिस्सा मागणाऱ्या शाखा. हे वाचताना आपल्याकडची किती घरं डोळ्यांपुढे आली! 1933 मध्ये नातू बॉब क्लेबर्ग याने सुमारे दहा लाख एकरांवरचे तेलाचे हक्क एका कंपनीला दिले आणि तिच्याकडूनच कर्ज उचलून जुनी देणी भागवली. पुढे तिथे तेल लागलंही. पण काही शाखा आपला वाटा घेऊन वेगळ्या झाल्या, भाऊबंदकी कोर्टात गेली. राहिलेल्यांनी 1935 मध्ये खासगी कंपनी केली. सातबाऱ्याचे तुकडे पाडण्याऐवजी त्यांनी कंपनीचे भाग वाटून घेतले.

बैलांचं सांगायचं राहिलंच: सांता गर्ट्रूडिसचा मूळ वळू 'मंकी' 1920 मध्ये जन्मला. म्हातारी तेव्हा हयात होती. आज रँचची जमीन 8,25,000 एकर आहे.