घरपट्टीतला मनाचा वाटा

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ‘सेव्हन-ओ-एट बोर्ड’ नावाची मंडळं आहेत. १९६३ साली तिथल्या विधिमंडळात आलेल्या ७०८ क्रमांकाच्या विधेयकातून ती जन्माला आली आणि क्रमांकच नाव होऊन बसला. मानसिक आजार, व्यसन आणि बौद्धिक अपंगत्व यांसाठीच्या स्थानिक सेवांना पैसा पुरवायचा आणि तो नीट खर्च होतो ना हे पाहायचं, एवढंच त्यांचं काम. दवाखाना मंडळ स्वतः चालवण्याऐवजी सहसा संस्थांशी करार करतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर अध्यक्ष केनेडींनी सामुदायिक मानसिक आरोग्याच्या कायद्यावर सही केली. १९५५ मध्ये देशभरच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांवर माणसं होती. त्यांना घराजवळ उपचार मिळावेत, हा विचार चांगलाच होता. इस्पितळं रिकामी होत गेली. इलिनॉयमधल्या बार्टनव्हिलचं अवाढव्य पिओरिया स्टेट हॉस्पिटल १९७३ मध्ये बंद झालं. मात्र घराजवळच्या उपचारांसाठी वॉशिंग्टनने कबूल केलेली सगळी केंद्रं काही उभी राहिली नाहीत, आणि १९८१ मध्ये रेगन सरकारने त्यांचा पैसा कापून उरलेला राज्यांच्या ठोक अनुदानात टाकला. ज्या गावांनी तोवर स्वतःची तिजोरी केली होती, त्यांच्या हाताशी निदान काहीतरी होतं.

ही तिजोरी भरते घरपट्टीतून. काउंटीने (म्हणजे जिल्ह्याने), टाउनशिपने (काउंटीच्या उपविभागाने) किंवा शहराने आधी मतदारांना विचारायचं. बहुमत मिळालं तरच पट्टी बसते, तीही करपात्र मूल्याच्या ०.१५ टक्क्यापर्यंतच. शिकागोची कुक काउंटी सोडली तर करपात्र मूल्य साधारण बाजारभावाचा तिसरा हिस्सा धरतात. म्हणजे तीन लाख डॉलरच्या घराला, सवलती न धरता, वर्षाला जास्तीत जास्त दीडशे डॉलर.

मंडळावर सहसा सात जण, मानधन नाही. मला सगळ्यात रस वाटतो तो सदस्यत्वाच्या अटीत: ज्या संस्थेला मंडळ पैसे देतं, तिचा नोकर किंवा विश्वस्त इथे बसू शकत नाही. अट रास्तच आहे. पण छोट्या गावात व्यसनाची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस बहुधा त्याच संस्थेत कामाला असतो. मग निर्णय घेतात शेतकरी, निवृत्त शिक्षक, विमा एजंट अशी मंडळी. अर्जांचे गठ्ठे वाचायचे, समुपदेशकाचा पगार द्यायचा की दारू सोडलेल्यांच्या निवाऱ्याचं भाडं, यावर उघड्या बैठकीत, लोकांसमोर हात वर करायचा. कंटाळवाणं काम आहे, आणि फुकटात करायचं!

आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने पुनर्विलोकन मंडळं आणली. जिल्हा न्यायाधीशाच्या पातळीचा अध्यक्ष, मनोविकारतज्ज्ञ, शिवाय रुग्णांची किंवा त्यांना सांभाळणाऱ्यांची बाजू मांडणारे सदस्य अशी रचना. रुग्णाला मनाविरुद्ध डांबलं आहे का, हे त्यांनी पाहायचं. अधिकार मोठे, पण सेवा उभी करायला त्यांच्या हाती स्वतःचा पैसा नाही. इलिनॉयच्या मंडळांचं नेमकं उलटं: कुणाला सोडा म्हणण्याचा अधिकार नाही, चेकवर सही करण्याचा आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये शिकागोच्या नैऋत्येच्या विल काउंटीत अशी पट्टी बसवायची का, हा प्रश्न मतपत्रिकेवर आला आणि मंजूर झाला. नेपरव्हिल शहराचा काही भाग याच काउंटीत येतो. त्या भागातल्या मराठी घरांच्या घरपट्टीतही आता हा वाटा असतो.