प्रेक्षकाचा कौल, गुंतवणूकदाराचा हिशेब

जानेवारी २०२२. ‘शार्क टँक इंडिया’ या टीव्ही कार्यक्रमाचा पहिला हंगाम सुरू होता. मालेगाव परिसरातले कमलेश घुमरे चुलतभावाला बरोबर घेऊन गुंतवणूकदारांसमोर उभे राहिले, ते चाकांचा एक गाडा घेऊन. फवारणीचा पंप शेतकऱ्याने पाठीवर वागवण्याऐवजी गाड्यावर ठेवावा, इतकी सरळ कल्पना. मागणी ३० लाख रुपयांची होती आणि बदल्यात कंपनीचा १० टक्के हिस्सा द्यायची तयारी. बाकीच्यांनी एकेक करून नकार दिला. ‘लेन्सकार्ट’चे पीयूष बन्सल मात्र थांबले. त्यांनी ४० टक्के हिस्स्यासाठी १० लाख रुपये आणि वर २० लाख रुपये बिनव्याजी कर्ज देऊ केलं. घुमरे यांनी होकार दिला.

तो प्रसंग मोबाइलवरून गावोगाव पोहोचला आणि पाहणाऱ्यांत दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, शेतकऱ्याच्या पोराला कुणीतरी हात दिला. दुसरी बाजू विचारत होती, ४० टक्के कशासाठी? घरात बसून कार्यक्रम पाहणारे लाखो लोक त्या रात्री कंपनीचं मूल्य कसं काढतात यावर बोलत होते. मराठी घरांत हा विषय एरवी क्वचितच निघतो.

हिशेब अवघड नाही. ३० लाखांना १० टक्के म्हणजे घुमरे आपल्या कंपनीची किंमत ३ कोटी रुपये सांगत होते. १० लाखांना ४० टक्के म्हणजे बन्सल यांच्या लेखी ती २५ लाख रुपये होती. बारा पटींचं अंतर! पण व्यवसाय अजून कागदावर होता, विक्री जवळपास नव्हती. शिवाय २० लाखांवर व्याज नव्हतं आणि त्या रकमेच्या बदल्यात हिस्साही जात नव्हता. दोन्ही तटांकडे आपापला मुद्दा होता.

तिसरं मत मात्र शेतातून आलेलं असतं आणि ते सगळ्यांत नेमकं असतं. पाठीवरच्या पंपात साधारण १६ लिटर द्रावण मावतं. पंपासह ते ओझं वीस किलोच्या आसपास जातं आणि ते घेऊन दिवसभर सऱ्यांमधून चालायचं असतं. झाकण किंवा नळी गळली की औषध थेट पाठीवर उतरतं. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने विसाहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीला पोहोचली होती, आणि अशा पिकात फवारलेलं औषध तोंडावरच येतं. ज्याने हे भोगलंय किंवा जवळून पाहिलंय, त्याला गाड्याची गरज कुणी समजावून सांगावी लागत नाही. तोच माणूस गाड्याच्या मर्यादाही लगेच ओळखतो: कपाशीच्या ओळी दाटल्या की चाक कुठून जाणार? काळ्या जमिनीत पावसानंतर चाकाला चिखल धरला तर? बांध ओलांडताना एकट्याला गाडा उचलता येईल का? स्टुडिओच्या सपाट फरशीवर यातला एकही प्रश्न उभा राहत नाही.

प्रेक्षकाचं मत कशासाठी मोलाचं आहे, हे इथेच दिसतं. त्याला ताळेबंद वाचता येत नसेल, पण वस्तू वापरणारा तोच आहे.

नकार मिळाला, मागणी आली

गुंतवणूकदारांसमोर वस्तू मांडण्याचा हा खेळ मूळचा जपानचा. २००१ साली निप्पॉन टीव्हीवर ‘मनी टायगर्स’ या अर्थाच्या नावाने तो सुरू झाला. २००५मध्ये बीबीसीने त्याचं ‘ड्रॅगन्स डेन’ केलं, २००९मध्ये अमेरिकेत ‘शार्क टँक’ आलं आणि डिसेंबर २०२१मध्ये सोनीने तो भारतात आणला. देश बदलले तरी मांडणी तीच राहिली: एका बाजूला पैसेवाले, दुसऱ्या बाजूला वस्तू घेऊन आलेला माणूस. पडद्यापलीकडचा प्रेक्षक या करारात कुठेच नसतो. तरीही अनेकदा निकाल त्यानेच फिरवला आहे.

ब्रिटनमधल्या ‘टँगल टीझर’चं उदाहरण घ्या. केशरचनाकार शॉन पुलफ्री यांनी गुंता न ओढता सोडवणारा प्लॅस्टिकचा ब्रश तयार केला आणि २००७मध्ये ‘ड्रॅगन्स डेन’मध्ये १५ टक्के हिस्स्यासाठी ८० हजार पौंड मागितले. पाचही गुंतवणूकदारांनी हात वर केले. बहुतेक सारे पुरुष असलेल्या त्या मंडळाला गुंत्याचं दुखणं फारसं कळलं नाही. शाळेच्या वेळेला मुलीचे केस विंचरणाऱ्या आयांना ते लगेच कळलं. भाग प्रसारित होताच कंपनीच्या संकेतस्थळावर इतकी गर्दी झाली की ते बंद पडलं. पुढे हा ब्रश जगभर विकला गेला आणि २०२१मध्ये एका गुंतवणूक संस्थेने कंपनीचा मोठा हिस्सा विकत घेतला.

त्याच्या आदल्या वर्षी, २००६मध्ये, रॉब लॉ हे लहान मुलांना बसता येईल अशी चाकांची बॅग, ‘ट्रंकी’, घेऊन आले होते. थिओ पॅफिटिस या गुंतवणूकदाराने पट्टा जोरात ओढला आणि तो निसटून हातात आला. कॅमेऱ्यासमोर याहून वाईट काय घडणार? पण विमानतळावर कंटाळलेलं मूल एका हाताने आणि सामान दुसऱ्या हाताने ओढलेल्या पालकांनी पट्ट्याकडे पाहिलंच नाही. पट्टा दुरुस्त करता येतो, हे त्यांना माहीत होतं. ट्रंकीच्या लाखो बॅगा खपल्या.

अमेरिकेत २०१३मध्ये जेमी सिमिनॉफ यांनी दारावरची घंटा मोबाइलशी जोडणारं ‘डोअरबॉट’ मांडलं आणि १० टक्क्यांसाठी ७ लाख डॉलर मागितले. गुंतवणूकदार केविन ओलेरी यांनी कर्ज आणि रॉयल्टीचा प्रस्ताव दिला, तो सिमिनॉफ यांनी नाकारला. करार झाला नाही, पण कार्यक्रमाने वस्तू घरोघर पोहोचवली. नाव बदलून ‘रिंग’ झालेली हीच कंपनी ॲमेझॉनने २०१८मध्ये सुमारे १ अब्ज डॉलरना घेतली. त्याच वर्षी सिमिनॉफ त्या कार्यक्रमात पाहुणे गुंतवणूकदार म्हणून बसले.

गुंतवणूकदारांना अक्कल नव्हती, असा याचा अर्थ काढणं चूक ठरेल. त्यांना वेगळ्या प्रश्नाचं उत्तर हवं असतं: हा पैसा किती वर्षांत किती पटींनी परत येईल? ‘ही वस्तू मला हवी आहे का?’ हा प्रेक्षकाचा प्रश्न. दोन्ही प्रश्न खरे आहेत, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला लावलं की गोंधळ होतो.

दहा मिनिटांत काय दिसतं?

प्रेक्षकाने आपलं मत बनवताना एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. जे दिसतं ते कापून-जोडून दाखवलेलं असतं. स्टुडिओतली चर्चा तासभरही चालते, प्रसारणात त्यातली दहा-पंधरा मिनिटं उरतात. खर्चाचे तपशील, पुरवठ्याच्या अडचणी, आधीची कर्जं हे सगळं कात्रीत जातं. राहतात आईचे अश्रू, वडिलांची कहाणी आणि एखाद्या गुंतवणूकदाराचा तिखट शेरा.

हात मिळवले म्हणजे पैसे मिळाले, असंही नसतं. प्रसारणानंतर वकील आणि हिशेबनीस कागदपत्रं तपासतात, आणि अनेक करार तिथेच मोडतात. ‘फोर्ब्स’ने २०१६मध्ये अमेरिकी ‘शार्क टँक’च्या पहिल्या सात हंगामांतल्या २३७ व्यवसायांकडे विचारणा केली. सुमारे ४३ टक्के करार प्रत्यक्षात आलेच नाहीत आणि आणखी सुमारे ३० टक्क्यांच्या अटी बदलल्या. पडद्यावर दिसला तसाच्या तसा करार साधारण चौघांपैकी एकालाच मिळाला. सुरुवातीच्या काळात तर तिथे नुसत्या सहभागासाठी निर्मात्यांना ५ टक्के हिस्सा किंवा २ टक्के रॉयल्टी लिहून द्यावी लागे. गुंतवणूकदार मार्क क्यूबन यांनी हरकत घेतल्यावर २०१३मध्ये ती अट गेली.

कधी प्रेक्षक आणि गुंतवणूकदार दोघेही एकदम भुलतात. २०१३मध्येच ‘ब्रेथोमीटर’ नावाचं यंत्र आलं. मोबाइलला जोडायचं, फुंकर मारायची आणि रक्तात किती दारू आहे ते पाहायचं. पाचही गुंतवणूकदारांनी मिळून १० लाख डॉलर देऊ केले. पण यंत्राचे आकडे भरवशाचे नव्हते. अचूकतेची ग्वाही दिशाभूल करणारी होती, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि २०१७च्या तडजोडीत ग्राहकांना पैसे परत देण्याची अट कंपनीवर आली. ‘मी गाडी चालवण्याइतपत शुद्धीत आहे’ हे ठरवण्यासाठी कुणी त्यावर विसंबला असेल, तर चुकीच्या आकड्याची किंमत जिवाने मोजावी लागली असती. अशा वस्तूबाबत ‘भारी कल्पना!’ या दोन शब्दांवर थांबणं पुरेसं नाही. तिथे चाचणीचा अहवाल मागायलाच हवा.

तो मागण्याचं काम प्रेक्षकांनीही करून दाखवलं आहे. जानेवारी २०२४मध्ये बीबीसीवर एका उद्योजिकेने कानाच्या विशिष्ट जागी चिकटवायचे मणी आणले. एमई या दीर्घकाळ थकवा आणणाऱ्या आजारातून सावरताना आपल्याला त्यांचा उपयोग झाला, असं तिने सांगितलं. सहाही गुंतवणूकदारांनी प्रस्ताव दिले. आक्षेप पडद्याबाहेरून आला. हा आजार स्वतः भोगणारे रुग्ण आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्था पुढे आल्या. या आजारावर असा उपाय सिद्ध झालेला नाही, लोकांना खोटी आशा लागेल, असं त्यांनी लिहून कळवलं. बीबीसीने तो भाग ऑनलाइन सेवेवरून काही काळ काढला आणि नंतर खुलासा जोडून परत ठेवला. सहा धनाढ्य अनुभवी माणसांनी न विचारलेला प्रश्न अंथरुणाला खिळलेल्या प्रेक्षकांनी विचारला होता.

आपल्या घरातले प्रश्न

भारतातल्या कार्यक्रमातही चांगला शोध आणि चांगला व्यवसाय एकत्र आल्याची उदाहरणं आहेत. पुण्यातल्या ‘पॅडकेअर लॅब्ज’चे अजिंक्य धारिया दुसऱ्या हंगामात, २०२३मध्ये आले. वापरलेले सॅनिटरी पॅड गोळा करून, निर्जंतुक करून त्यातला लगदा आणि प्लॅस्टिक वेगळं करणारी त्यांची यंत्रणा. बन्सल यांनी कोरा धनादेश पुढे केला आणि अखेर चार गुंतवणूकदारांनी मिळून ४ टक्क्यांसाठी १ कोटी रुपये देऊ केले. कचरा वेचणाऱ्या बायांच्या हातांना रोज काय लागतं, हा विषय त्या रात्री घरातल्या सगळ्यांसमोर आला. वडील आणि मुलगी एकाच सोफ्यावर बसून पॅडच्या विल्हेवाटीबद्दल ऐकत होते, ही या कार्यक्रमाची खरी कमाई आहे.

पहिल्या हंगामातल्या ‘ॲनी’बाबतही तेच म्हणता येईल. बंगळुरूच्या ‘थिंकरबेल लॅब्ज’चं हे उपकरण अंध मुलांना स्वतःहून ब्रेल शिकवतं. अशी मुलं ज्यांच्या घरात किंवा वर्गात आहेत, त्या प्रेक्षकांच्या मताला कुठल्याही मूल्यांकनाहून जास्त वजन आहे.

हे सगळं पाहून आपल्या गोठ्यात, गॅरेजमध्ये किंवा स्वयंपाकघरात काही बनवणाऱ्याला वाटतं, आपणही टीव्हीवर जावं. त्याला एक गोष्ट आधी सांगायला हवी. भारतात पेटंट मिळण्यासाठी शोध नवा असावा लागतो, आणि अर्ज करण्याआधी तो जाहीरपणे दाखवला तर ते नवेपणच धोक्यात येतं. म्हणून आधी पेटंट कार्यालयात प्राथमिक अर्ज करावा. त्यानंतर संपूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात आणि मंजूर पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं टिकतं. नोंदणी झाली तरी ती नेमकी कशाची झाली, हेही तपासावं. ट्रंकीच्या निर्मात्यांनी बॅगेचा आकार नोंदवला होता, पण तशाच धर्तीवरची स्वस्त बॅग विकणाऱ्याविरुद्धचा खटला ते २०१६मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात हरले. नोंदणी आकाराची होती, मुलाने बॅगेवर बसायच्या कल्पनेची नव्हती.

नोंद नसली आणि हिस्सा ठरलेला नसला की काय होतं, हे विदर्भाने पाहिलं आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या तुकड्यावर निवड करत ‘एचएमटी’ हा तांदळाचा वाण काढला. तो हजारो शेतांत पोहोचला, बाजारात नावाने विकला गेला. दादाजींचा २०१८मध्ये मृत्यू झाला तो हलाखीतच. घुमरे यांच्या ४० टक्क्यांवर रागावलेल्या प्रेक्षकांच्या मनात हीच भीती होती, आणि ती निराधार नव्हती.

टीव्ही हा एकच दरवाजाही नाही. गांधीनगरची राष्ट्रीय नवप्रवर्तन संस्था २०००पासून अशाच, औपचारिक शिक्षणाची पदवी नसलेल्या संशोधकांचे शोध नोंदवते, तपासते आणि पेटंटसाठी मदत करते. शेतीचं अवजार सरकारी अनुदानाच्या यादीत बसवायचं असेल, तर अधिकृत केंद्राचा चाचणी अहवाल लागतो. मध्य प्रदेशातल्या बुधनीला असं केंद्र आहे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली इथल्या कृषी विद्यापीठांतही अवजारांवर काम चालतं. पुढच्या वेळी पडद्यावर एखादा गाडा, पंप किंवा पेरणीयंत्र आलं, तर ‘किती टक्के दिले?’ याच्या आधी ‘चाचणी कुठल्या जमिनीत, कुठल्या पिकात झाली?’ हे विचारावं. उत्तर मिळालं तर ते वापरणाऱ्याच्याही कामाचं आणि बनवणाऱ्याच्याही.