ट्रंक कॉल ते आयपी फोन : वऱ्हाडातल्या कचेरीचा मागोवा

एकेकाळी अकोल्याच्या कचेरीतून अमरावतीला बोलायचं तर ट्रंक कॉल नोंदवावा लागे. ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचं आणि ऑपरेटर जोडून देईपर्यंत फोनजवळून हलायचं नाही. ऑपरेटरविना थेट परगावी नंबर लावण्याची, म्हणजे एसटीडीची, सेवा देशात १९६० साली लखनौ-कानपूर मार्गावर सुरू झाली. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली, देशी बनावटीची डिजिटल एक्सचेंज उभी राहू लागली, चौकाचौकांत एसटीडीचे बूथ आले. अमरावतीचा ०७२१ आणि अकोल्याचा ०७२४ हा एसटीडी कोड लोकांना तोंडपाठ झाला.

त्या जुन्या फोनचा मोठा गुण म्हणजे वीज गेली तरी तो चालायचा. त्याला लागणारा ४८ व्होल्टचा पुरवठा एक्सचेंजच्या बॅटऱ्यांमधून तांब्याच्या तारेनेच यायचा. पुढे मोठ्या कचेऱ्यांत ईपीबीएक्स, म्हणजे कचेरीपुरती छोटी एक्सचेंज, बसली, पण एक्स्टेंशनचा नंबर तारेलाच बांधलेला राहिला. टेबल हललं की वायरमनला बोलावणं आलंच.

बदल २००२ पासून दिसू लागला. त्या एप्रिलमध्ये भारतात इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली आणि जूनमध्ये नेटवर्कवरून कॉल जोडण्याच्या सिप या पद्धतीचं आज वापरात असलेलं मानक प्रसिद्ध झालं. २००५ मध्ये केंद्राने राज्यव्यापी जाळ्यांची योजना मंजूर केली. त्यातून उभ्या राहिलेल्या महाराष्ट्राच्या जाळ्याने मंत्रालय, अमरावतीसारखी विभागीय मुख्यालयं, अकोल्यासारखे जिल्हे आणि तालुके जोडले. माहिती, आवाज आणि चित्र एकाच वाटेने नेण्याची सोय त्यात होती.

अशा जाळ्यावरून बोलणारा आयपी फोन मात्र उचलताक्षणी तयार नसतो. बदली होऊन आलेल्या कारकुनासारखं त्याला आधी रुजू व्हावं लागतं. कचेरीतली नेटवर्कची उपकरणं जोडणारा स्विच केबलमधूनच त्याला वीज देतो. फोन आपलं सॉफ्टवेअर चालू करतो आणि आवाजासाठी राखलेलं व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कमधला वेगळा कप्पा, कोणतं, हे स्विचकडून समजून घेतो. मग तो पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरला हाक मारतो. दोघांत चार निरोपांची देवाणघेवाण होऊन फोनला आयपी पत्ता मिळतो, आणि सेटिंगची फाइल कुठे आहे हेही बहुधा तिथेच कळतं. आपल्या १२ अक्षरी मॅक पत्त्यावरून तो स्वतःची फाइल उतरवून घेतो. तिच्यात एक्स्टेंशन नंबर, पासवर्ड आणि सिप सर्व्हरचं नाव असतं. शेवटी तो सर्व्हरकडे नोंदणी करतो आणि पडद्यावर नंबर उमटतो. ही नोंदणी ठरावीक वेळाने पुन्हा करावी लागते. पुढे बोलणं सुरू झालं की आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेट, धावू लागतात.

यातून मोठी सोय झाली. नंबर तारेपासून सुटला. फोन दुसऱ्या खोलीतल्या जोडणीला लावला तरी एक्स्टेंशन तेच राहतं. पण विजेचा जुना भरवसा गेला. २००३ च्या मानकानुसार केबलमधून येणारा पुरवठाही ४८ व्होल्टच्या आसपासचाच, पण आता त्यामागे एक्सचेंजच्या बॅटऱ्या नाहीत, कचेरीतला स्विच आहे. तासन्‌तास भारनियमन सोसलेल्या वऱ्हाडाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. वीज आल्यावर सगळे फोन एकदम जागे होतात, आणि डीएचसीपी किंवा सिप सर्व्हर उशिरा उठला तर तोवर ते नुसते वाट पाहत बसतात.

म्हणून अमरावती-अकोल्याच्या कचेऱ्यांना एकच आग्रहाचं सांगणं आहे. नवे फोन जरूर घ्या, पण स्विच, राउटर आणि सर्व्हर या तिन्हींनाही यूपीएसवर ठेवा. जुन्या एक्सचेंजची ती जबाबदारी आता तुमच्यावर आली आहे.