लिओनार्डोच्या रेघांतला सीएमएस

नागपुरात हुडकेश्वरला खोली घेऊन राहणारा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी पहिल्याच वर्षी ड्रॉइंग शीटवर सेक्शनल व्ह्यू काढतो. वस्तू मधोमध कापली असे मानायचे आणि पोटातले दाखवायचे. पाचशे वर्षांपूर्वी लिओनार्डो दा विंचीने (१४५२–१५१९) यंत्रे अशीच उघडून दाखवली. दातेरी चाके, कप्प्या, स्क्रू तो सुटे करून मांडी. शेजारी डाव्या हाताने, आरशात वाचावी लागतील अशी उलटी टिपणे लिही.

आजच्या एका महाकाय यंत्रासाठी ही शैली उचलली ती सर्जिओ चित्तोलिन या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत सीएमएस नावाचा डिटेक्टर आहे. जमिनीखाली सुमारे १०० मीटर, लांबी २१ मीटर, वजन १४,००० टन. तिथे प्रोटॉनचे झोत सेकंदाला जवळपास चार कोटी वेळा एकमेकांना छेदतात. त्या माऱ्यातली माहिती टिपण्याच्या यंत्रणेवर चित्तोलिन काम करत. आणि याच डिटेक्टरची चित्रे त्यांनी लिओनार्डोच्या धाटणीने काढली, उलट्या अक्षरांसकट. प्रकल्पाच्या तांत्रिक अहवालांच्या मुखपृष्ठांवर ती छापली गेली.

हा नुसता हौसेचा मामला नव्हे. सीएमएसच्या फोटोत दिसतात तारा आणि पोलाद. खरे यंत्र आहे ते एकात एक बसवलेल्या थरांत: मध्यभागी कणांचा माग काढणारा ट्रॅकर, मग ऊर्जा मोजणारे कॅलरीमीटर, त्याबाहेर अतिवाहक चुंबकाचे वेटोळे, सर्वांत बाहेर लोखंड आणि म्युऑन नावाचे कण टिपणारे कक्ष.

याच थरांत मुंबईचे कामही बसले आहे. वेटोळ्याच्या आत जागा बेताची, त्यामुळे काही कणांची ऊर्जा आतल्या कॅलरीमीटरमध्ये पुरती अडत नाही, बाहेर निसटते. ती पकडण्यासाठी वेटोळ्याबाहेर आणखी एक थर लागला. कण आरपार गेला की चमकणाऱ्या प्लास्टिकच्या फरशा आणि तो उजेड वाहून नेणारे तंतू, अशी त्याची रचना. या थराच्या उभारणीत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे. या यंत्राची कामगिरीही मोठी: ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज हा मूलकण सापडल्याची घोषणा झाली, ती सीएमएस आणि अ‍ॅटलास या दोन प्रयोगांच्या जोरावर. पण फोटोत हा थर शोधू जाल तर सापडायचा नाही. तो चित्रातच उघडून दाखवावा लागतो.

संगणकावरचे आराखडे अचूक असतात आणि कारखान्याला तेच हवेत. सामान्य माणसाला यंत्र समजावायचे, तर कोणती रेघ गडद करायची आणि कोणती गाळायची हे ठरवणारा हात लागतो.

असा हात आपल्याकडच्या एका यंत्रालाही हवा. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजा, आत लेझर, आणि ज्यांची प्रोटॉनच्या व्यासाहूनही हजारो पटींनी लहान हालचाल टिपली जाते असे आरसे. नागपूरच्या ड्रॉइंगच्या शिक्षकांनी हे यंत्र मुलांना शाईने, हाताने काढायला द्यावे, आणि भोवतीची टिपणे मराठीत लिहून घ्यावीत.