दोघांच्या वादांत तिसऱ्याचें बालपण

संस्कृतांत ‘भृ’ या धातूचा एक अर्थ पोसणें असा आहे. ‘भर्ता’ म्हणजे पोसणारा आणि ‘भार्या’ म्हणजे जिचें पोषण करावयाचें ती. दोन्ही शब्द याच धातूपासून सिद्ध झाले आहेत. वर्गांत आम्ही हें शिकवीत असूं, तेव्हां मुलांना तें सहज पटे. परंतु संसार मोडल्यावर हें पोषण कोणीं, किती व केव्हांपासून करावयाचें, हा प्रश्न व्याकरणानें सुटत नाहीं. त्यासाठीं १९८४ च्या कायद्यानें कुटुंब न्यायालयें निर्माण केलीं. आमच्या अड्याळसारख्या गांवींही एखाद्या सुशिक्षित घरावर असा प्रसंग आला म्हणजे वडील मंडळी गोंधळून जातात. म्हणून या न्यायाची रीत येथें थोडक्यांत सांगतों.

उदाहरण जवळच्या नागपूरचेंच घेऊं. एका स्त्रीनें मुलाच्या जन्मानंतर लवकरच, २०१३ च्या जानेवारींत, पतीचें घर सोडलें व सप्टेंबरांत स्वतःसाठीं आणि मुलासाठीं पोटगीचा अर्ज केला. कुटुंब न्यायालयानें ऑगस्ट २०१५ मध्यें तिला दरमहा १५,००० रुपये आणि मुलास प्रथम ५,००० व पुढें १०,००० रुपये अशी तात्पुरती पोटगी ठरविली. पति उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे गेला. तेथें २०१८ सालीं त्याचा अर्ज फेटाळला गेला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ४ नोव्हेंबर २०२० रोजीं लागला. पाळण्यांतलें मूल तोंवर सात वर्षांचें होऊन गेलें होतें!

असा विलंब टळावा म्हणून त्याच निकालांत साऱ्या देशासाठीं नियम घालून दिले आहेत. पोटगी निकालाच्या नव्हे, तर अर्जाच्या तारखेपासून द्यावयाची. उभय पक्षांनीं आपलें उत्पन्न, मालमत्ता व देणें प्रतिज्ञापत्रावर उघड करावयाचें. मग न्यायाधीश दोघांची राहणी, गरजा व मिळकत पाहतात; पतीवर अवलंबून असलेल्या वृद्ध आईबापांचाही विचार होतो. पत्नी शिकलेली आहे किंवा थोडेंबहुत मिळविते, एवढ्यानें तिचा हक्क बुडत नाहीं. तिची मिळकत हिशेबांत धरतात, इतकेंच. उलट, १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यान्वयें निर्धन पतीलाही पत्नीकडे पोटगी मागतां येते. तेव्हां पोटगी ही भिक्षाही नव्हे आणि दंडही नव्हे.

मुलाच्या ताब्याविषयीं १८९० व १९५६ च्या कायद्यांचा रोख एकच आहे: मुलाचें कल्याण सर्वांत वर. पांच वर्षांच्या आंतील मूल सामान्यतः आईजवळ राहतें. मूल समजूतदार असेल, तर न्यायाधीश त्याची इच्छा विचारूं शकतात. पण केवळ तेवढ्यावर निकाल ठरत नाहीं. ताबा एकास मिळाला, तरी दुसऱ्यास भेटीची सोय बहुधा करून दिली जाते. परिस्थिति पालटली, तर ताब्याचा हुकूमही पालटतां येतो.

आतां घरच्या वडीलधाऱ्यांस दोन शब्द. समेटाचा प्रयत्न आधीं करावा, असें कायदाच न्यायालयास सांगतो. मग आपण घरांतल्या घरांत आगींत तेल कां ओतावें? मुलाचा पगार लपविण्यास साह्य करूं नये, शेत दुसऱ्याच्या नांवावर चढवूं नये. नातवास पढवून न्यायाधीशापुढें उभें करणें हें तर पापच होय. पोटगी थकली म्हणून बापाची भेट अडवूं नये, आणि भेट मिळाली नाहीं म्हणून पोटगी अडवूं नये. दोहोंचा भार शेवटीं पडतो तो लेंकरावर.

थकलेली पोटगी न्यायालय वसूल करून देईल. पण नागपूरच्या त्या मुलाचीं गेलेलीं सात वर्षें परत देण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयास नाहीं. तीं वांचविणें घरच्या शहाण्या माणसांच्याच हातीं असतें.