हिमयात्रिकाची चंची

फ्रान्समधील शामोनी आणि स्वित्झर्लंडमधील झेरमाट या गावांच्या दरम्यान आल्प्स पर्वताच्या हिमनद्यांवरून जाणारी एक वाट आहे. ‘ओत रूत’, म्हणजे उंचावरची वाट, या नावाने ती सर्वत्र प्रसिद्ध आहे. १९११ साली ती प्रथम स्कीवरून आक्रमिली गेली. आज दर वसंतात शेकडो हौशी प्रवासी सहासात दिवसांत हा पल्ला गाठतात. रात्रीच्या मुक्कामाला डोंगरी धर्मशाळा आहेत; तेथे गरम अन्न आणि पांघरूण मिळते. तेव्हा पाठीवरचे ओझे हलके असावे, हे उघडच आहे. परंतु हलके म्हणजे रिकामे नव्हे. पानसुपारीच्या चंचीएवढ्या एका पिशवीत काय आहे आणि काय राहिले, यावर तेथे कित्येकदा मनुष्याचे परतणे अवलंबून असते.

स्की म्हणजे पायांना जखडावयाच्या लांब, अरुंद फळ्या. त्या घसरतात हा उतरणीवर त्यांचा गुण, आणि चढणीवर तोच दोष. म्हणून चढताना तळाला एक केसाळ पट्टा चिकटवितात. पूर्वी तो सीलच्या कातड्याचा असे; आता तो मोहेर लोकरीचा किंवा नायलॉनचा असतो. त्याचे केस मागे झुकलेले असल्यामुळे फळी पुढे सरकते, पण मागे घसरत नाही. मांजराच्या पाठीवरून एकदा सुलटा व एकदा उलटा हात फिरवून पाहावा, म्हणजे यातले मर्म ध्यानी येईल. मात्र थंडीने वा ओल्या बर्फाने पट्ट्याचा गोंद निकामी झाला, की चढणे खुंटलेच! यासाठी जाणते लोक विसाव्याच्या वेळी पट्टा पिशवीत न टाकता अंगरख्याच्या आत, छातीशी ठेवतात. एवढ्यानेही भागले नाही, तर ताणणाऱ्या रबरी बंदाने तो फळीला आवळून बांधतात. असे दोनतीन बंद चंचीत असतातच. त्यांनी मोडकी काठी सांधता येते, दुखावलेला पाय फळकुटाला बांधता येतो. इतक्या स्वस्त वस्तूने इतकी कामे करावीत, हे नवलच म्हणावयाचे.

दुसरी वस्तू पेचकस. बूट जखडणाऱ्या साच्याचा एक स्क्रू जरी निखळला, तरी प्रवासी कमरेइतक्या बर्फात पायउतार होतो. या स्क्रूंची खाच बहुधा पोझिड्राइव्ह जातीची, तीन क्रमांकाची असते. साधा चौफुली पेचकस तिच्यात बसल्यासारखा वाटतो खरा, पण जोर लावताच घसरतो आणि खाच खाऊन टाकतो. भोक सैल झाले असेल, तर चिमूटभर पोलादी लोकर भरून स्क्रू पुन्हा घट्ट बसविता येतो. चिकटपट्टीचे अख्खे वेटोळे कोणी नेत नाही. हातभर पट्टी काठीभोवतीच गुंडाळलेली असते.

हिमप्रपाताची साधने मात्र या चंचीत नसतात. संदेशयंत्र अंगावरच बांधावयाचे. ते ४५७ किलोहर्ट्झवर अखंड स्पंदने सोडीत असते. खिशातला दूरध्वनी त्यापासून निदान २० सेंटिमीटर, आणि शोध चालू असता ५० सेंटिमीटर दूर हवा. नाहीतर खुणा चुकतात. यंत्राने जागा जवळपास कळते, जोडकाठी खुपसून मनुष्य नेमका सापडतो, आणि धातूच्या पात्याच्या फावड्याने त्याला उकरून काढावयाचे. पुरलेल्याला जिवंत काढण्याची खरी आशा पहिल्या दहापंधरा मिनिटांतच असते. खालच्या गावातून मदत येईतो ही घटका टळलेली असते, वाचविणारे सोबतीच. म्हणून ही तिन्ही साधने प्रत्येकाजवळ लागतात. एकच फावडे नेले, आणि नेमका फावडेवालाच गाडला गेला तर? तसेच, फावडे फराळाच्या डब्याखाली गाडून ठेवणाऱ्याला प्रवासी म्हणावे की भारवाही, हा प्रश्नच आहे.

बांधाबांधीतली चूक थोरांनाही भोवली आहे. १८८८ साली नान्सेनने पाच सोबत्यांसह स्कीवरून ग्रीनलंड ओलांडले. त्यांनी बरोबर घेतलेल्या सुक्या मांसातील चरबी काढून टाकलेली होती. पुढे सर्वांना स्निग्ध पदार्थांची अशी भूक लागली, की एकाला बुटांना लावण्याचे जवसाचे तेलदेखील खावेसे वाटले. आजचा प्रवासी खिशात बदाम आणि चीज ठेवतो; फार थंडीत खाऊची वडी दगडासारखी होते, म्हणून तीही अंगाजवळच. डोक्याला बांधावयाच्या दिव्याची विद्युत्‌घटमाला गारठ्यात लवकर दुबळी पडते, तिचीही जागा तीच.

निघण्यापूर्वी एक तालीम घरीच करून पाहतात. जाड हातमोजे घालावयाचे, दिवा मालवावयाचा, आणि चंचीतून पेचकस, बंद, आगपेटी चाचपून काढावयाची. जी वस्तू हाताला लागत नाही, तिची जागा त्याच रात्री बदलली जाते.